पागेची राखण

पिकअपच्या तोंडाने फाटकाला तिसरी धडक दिली, तेव्हा वरचा गंज उडून केराबाईच्या डोळ्यांत गेला. तिने पदराने डोळे पुसले आणि किल्ल्यांचा जुडगा कमरेला आणखी घट्ट खोवला.

"आत्ती, कुलूप काड! न्हायतर फाटकासकट आत येतो बघ!" गाडीच्या खिडकीतून मुंडकं काढून कुमार ओरडला.

"ये की! गाडीचंच नाक फुटंल. ह्ये फाटक तुज्या आज्ज्याच्या आदीपास्नं हितं उबं हाय."

कुमार तिचा सख्खा भाचा, धाकट्या भावाचा थोरला मुलगा. एकतीस वर्षांचा बाप्या झाला तरी अजून लग्न नव्हतं, आणि त्या एका गोष्टीने त्याचं डोकं फिरवलं होतं. सांगोल्याकडची वस्ती, पंचवीस मेंढरं आणि चार एकर कोरडवाहू, एवढ्यावर आजकाल कोण मुलगी देतो? पाच वर्षं पाहुण्यांच्या दारात चहा पिऊन पिऊन त्याला पित्त झालं होतं. शेवटी यंदा जमलं ते साट्यालोट्याचं. तिकडची मुलगी कुमारला आणि कुमारची धाकटी बहीण रुपाली तिकडच्या मुलाला. मुलगा म्हणायचा तो अडतीस वर्षांचा होता आणि त्याची पहिली बायको विहिरीत सापडली होती. हळद परवावर आली होती. आणि नवरी रुपाली या फाटकाच्या आत, पागेत बसून, बोरीच्या फांदीवर डोळा भरायचा, म्हणजे कलम बांधायचा, सराव करत होती, कारण उद्या अकरा वाजता तिची शेवटची परीक्षा होती.

पागा म्हणजे खरोखरचीच पागा. कुंभारीच्या रस्त्याला शहर संपून माळ लागतो, तिथे ही जुनी इस्टेट. नव्वद वर्षांपूर्वी इथले जहागीरदार घोड्यावरून पडून मेले आणि त्यांच्या बाईंनी तेरावं होताच सगळी घोडी विकून टाकली. रिकाम्या पागेत खाटा टाकल्या आणि बायकांना बागकाम शिकवणारी शाळा काढली. लोकांनी बाईला वेड लागलं म्हणून सांगितलं. बाई मेल्या, लोकही मेले, शाळा राहिली. लांबलचक दगडी इमारत, बारा कमानी, भिंतीत घोडी बांधायच्या लोखंडी कड्या. एकेका घोड्याच्या जागेत आता तीन-तीन मुली राहायच्या, कड्यांना दप्तरं आणि ओढण्या लटकायच्या. रस्त्यावरची टवाळ पोरं मोटारसायकल हळू करून म्हणायची, "पागंत घोड्या हायत्या की अजून!" केराबाई आतून उत्तर द्यायची, "हायत्या, आन लाथा बी मारत्यात. या की जवळ!"

सव्वीस वर्षं ती या पागेची राखण करत होती. कागदावर तिला वसतिगृह सेविका म्हणत. झाडणं, पाणी भरणं, आजारी मुलीच्या उशाशी बसणं आणि फाटक सांभाळणं, हे तिचं काम. पण कलमाचं शिक्षण मुली फळ्यावर शाळेच्या बाईंकडून घ्यायच्या आणि हाताला वळण मात्र केराबाईकडून लावून घ्यायच्या. बाईंचा डोळा वहीत फुटतो आणि मावशीचा झाडावर, असं मुली म्हणायच्या. हे ऐकून ती रागावल्याचं सोंग करायची, पण त्या दिवशी तिच्या हातची भाजी जरा जास्तच वाढली जायची.

आज नेमकी पागा रिकामी होती. पस्तीस मुलींना बसमध्ये घालून गौरम्माबाई सकाळी सातलाच उजनीच्या काठाला केळीच्या बागा दाखवायला गेल्या होत्या. रुपालीला तेवढं मागे ठेवलं होतं, कारण रस्त्यातून उचलून नेईन असा कुमारचा चार दिवस फोन येत होता. गौरम्माबाई मूळच्या अक्कलकोटच्या, शाळेच्या मुख्य, बोलणं कडक. बसच्या पायरीवरून त्यांनी बजावलं होतं, "केरक्का, फाटक उघडायचं नाही. देव आला तरी उघडायचं नाही, नोडू, बघ!" आत स्वयंपाकघरात मथुराबाई होती, पण तिला ऐकू कमी येई. म्हणजे राखण करायला खरी एकटी केराबाईच.

चौथी धडक बसायच्या आधी गाडीतून बाळासो उतरला. तिचा पाठचा भाऊ. त्याने मुलाला हाताने गप्प केलं, टोपी काढून काखेत धरली आणि गजांपाशी येऊन उभा राहिला. अठ्ठावन्नच्या मानाने तो फार थकलेला दिसत होता.

"अक्का, पाया पडतो."

"पाया पडू नगं. माघारी जा."

"लेकीसंगं दोन शब्द बोलू दे की. बाप हाय मी तिचा."

"फोन कर."

"उचलती व्हय ती फोन?" बाळासोने गज धरले. "तिकडली मान्सं म्हनत्यात, तुमची पोर न्हाय आली तर आमची बी येत न्हाय. कुमार असाच ऱ्हाईल ग. वंश बुडतुय माजा."

"माज्या टायमाला बी आपला बा ह्येच म्हनला हुता," केराबाई म्हणाली. "बाळ्याचा वंश बुडतुय."

बाळासोने मान खाली घातली. चाळीस वर्षांपूर्वी याला बायको मिळावी म्हणून केराबाईला त्या बायकोच्या भावाला दिलं होतं. तिची नणंद तीच तिची भावजय. नवरा पहिल्या महिन्यापासून हात टाकायचा. बैलाचा कासरा, चुलीतलं लाकूड, जे हाताला येईल ते. ती एकदाच पळून माहेरी आली, तर तिसऱ्या दिवशी तिकडून निरोप आला: आमची लेक परत पाठवा. बाळासो दारात बसून रडला आणि ती आपण होऊन परत गेली. पुढे भावजय पहिल्या बाळंतपणाला तिच्या घरी आली, तेव्हा बहिणीसमोर नवऱ्याने हात आवरला. ते चाळीस दिवस केराबाईच्या अंगावर एकही वळ उठला नाही. जन्मलेल्या पोराला ती पायांवर घालून रोज न्हाऊ घालायची आणि मनातल्या मनात म्हणायची, बाबा, तू जरा जास्त दिवस ऱ्हा हितं. तो पोरगा म्हणजे कुमार. लग्नाला चौदा वर्षं झाली तेव्हा नवरा दारू पिऊन ओढ्यात पडून मेला आणि तिची सुटका झाली. ती रडली नाही म्हणून गावाने नावं ठेवली, आणि दोन पातळांची वळकटी घेऊन ती या फाटकात आली.

"अक्का," बाळासो हळू आवाजात म्हणाला, "तुज्यावर काय काय झालं, मला ठावं न्हाय व्हय? म्हनूनच म्हनतो, जबरदस्ती न्हाय. नुस्तं इचारतो. न्हाय म्हनली तर उठून जातो."

"आन ह्यो?" तिने गाडीकडे हनुवटी दाखवली.

बाळासोने कमरेची पिशवी सोडली. त्यातून पिवळाधमक भंडारा काढून उजव्या तळहातावर घेतला आणि तो हात गजांतून आत घातला. हळदीची पूड बोटांमधून तिच्या पायांवर सांडत होती.

"बिरोबाचा भंडारा उचलून सांगतो. तिच्या अंगाला हात लागनार न्हाय. पागंचा उंबरा वलांडनार न्हाय."

"कुमारला बी उचलाय लाव."

"बापानं उचलला म्हंजी घरानं उचलला, अक्का. आपल्यात आजपतुर ह्येच चालत आलंय की."

शहरातल्या माणसाला यात हसण्यासारखं वाटेल. हसणाऱ्याने हसावं. केराबाईने लहानपणी पाहिलं होतं, भंडारा उचलून खोटं बोललेल्या एका चुलत्याची बत्तीस मेंढरं एका पावसाळ्यात मेली. तो रोग होता असं ढोरांचा डॉक्टर म्हणाला, पण डॉक्टर काय म्हणणार दुसरं? तिच्या माणसांत दारू पिऊन खोटं बोलणारे होते, कोर्टात गीतेवर हात ठेवून खोटं बोलणारे तर ढिगाने होते. भंडारा उचलून मात्र कुणी शब्द फिरवत नसे. आणि समोर उभा होता तो काही परका नव्हता. ज्याचं घर उभं राहावं म्हणून तिने चौदा वर्षं अंगावर काढली, तो भाऊ होता. गौरम्माबाई म्हणाल्या होत्या, देव आला तरी उघडायचं नाही. त्यांना बिरोबा माहीत नव्हता, असं मनाशी म्हणत तिने कुलूप काढलं.

बाळासो शब्दाला जागला. पागेच्या ओट्यावर, उंबऱ्याच्या हातभर बाहेर, तो मांडी घालून बसला. कुमार मागे लिंबाच्या झाडाला टेकून उभा राहिला. केराबाईने हाक मारली तशी रुपाली आतून आली आणि उंबऱ्याच्या आतल्या बाजूला थांबली. एकवीस वर्षांची, बापासारखीच उंच, पाठीवर मांडीपर्यंत पोचणारी वेणी. हाताला बोरीचे काटे लागून ओरखडे उठले होते.

"बाळ, चल घरी," बाळासो म्हणाला.

"न्हाय, आबा."

"परीक्षा दे आन मग चल."

"परीक्षा दिल्यावर बी न्हाय. त्या घरात मी जानार न्हाय. त्येची बायकू हिरीत कशी पडली, कुनी इचारलं का तुमी?" तिने भावाकडे पाहिलं. "दादा, मला नोकरी लागू दे. तुज्यासाटी मी बघते की पोरगी. नीट बघून करू."

"कवा? मी मसनात गेल्यावर?" कुमार म्हणाला.

"आबांनी इचारलं, मी सांगितलं. झालं. आता जावा तुमी."

बाळासो उठायला म्हणून हात टेकू लागला. त्याने खरोखरच उठून जायचं ठरवलं होतं, हे केराबाईला त्याच्या तोंडावरून दिसलं. तिचा जीव भांड्यात पडला आणि त्याच क्षणी कुमार बापाला ओलांडून आत घुसला.

पहिल्या थपडेलाच रुपाली दोन खाटांच्या मध्ये पडली. दुसरी लाथ पोटात बसली. ती उठू पाहत होती, तोवर त्याने वेणी मनगटाला गुंडाळली आणि तिला फरशीवरून ओढत तिच्या खाटेपर्यंत नेलं. "कागदं कुटं हायती? सर्टिफिकिटं कुटं ठिवलीस? आज समदी जाळतो, म्हंजी जाशील कुटं!" तिने त्याच्या हाताला चावा घेतला. त्याने तिचं डोकं भिंतीवर आपटलं. मग दोन्ही हात मोकळे व्हावेत म्हणून त्याने भिंतीतल्या लोखंडी कडीतून वेणी ओवली, दोन वेढे दिले आणि जनावराला दाव्याला बांधावं तशी गाठ मारली. बहिणीला कडीला बांधून तो तिची पेटी फोडायला लागला.

"बाळ्या!" केराबाई किंचाळली. "बाळ्या, धर त्याला!"

बाळासो उंबऱ्याशी येऊन उभा होता. पायाची बोटं उंबऱ्याच्या दगडाला लागली होती. "कुमार, भाईर ये," तो म्हणाला. "म्या भंडारा उचललाय."

"तुमी उचललाय! मला कुनी इचारलं?" पेटीचं झाकण उखडत कुमार ओरडला. आतले कपडे फरशीवर उडाले, वह्या उडाल्या. दहावीचं प्रमाणपत्र सापडलं तसं त्याने ते उभं फाडलं.

"आत ये की!" केराबाई भावाला म्हणाली. "आत येऊन धर त्येला!"

"कसा येऊ, अक्का?" बाळासोच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "शब्द दिलाय की म्या. उंबरा वलांडनार न्हाय म्हनून."

त्या वेळी केराबाईला जो राग आला, तो कुमारचा नव्हता.

रुपालीच्या खाटेवर बोरीच्या फांद्या पडल्या होत्या आणि त्यांच्या शेजारी कलमाचा चाकू. केराबाईने तो उचलला. कडीला मारलेली गाठ सुटण्यातली नव्हती. पोरगी जितकी ओढत होती तितकी ती आवळत होती. बाईच्या केसाला पातं लागलं की घर बसतं, असं केराबाईची आई म्हणायची. बसू दे घर. तिने रुपालीच्या मानेमागे वेणी मुठीत धरली आणि चाकू चालवला. धारेचा चाकू असूनही तीनदा चालवावा लागला. वेणी कडीला लटकत राहिली आणि रुपाली मोकळी होऊन तिच्या पायांवर कोसळली.

"ऊट. मागल्या दारानं. मथुराबाईकडं. सैपाकघरातल्या कोटारात जा आन पोलिसाला फोन लाव. ऊट!"

कुमार वळला तोवर दोघी मागच्या दाराशी पोचल्या होत्या. चाकू अजून केराबाईच्याच हातात होता. तो हातात राहिला तर आपण तो वापरू, हे तिला पक्कं कळलं. कुठे वापरू, तेही कळलं: त्याच्या गळ्याखालची शीर उडत होती तिथे. तिने चाकू रुपालीच्या हातात कोंबला. "उद्या लागंल तुला," ती म्हणाली, आणि पोरीला बाहेर ढकलून दार लावून घेतलं. घोडी पळू नयेत म्हणून त्या दाराला सागाचा जाड अडसर होता. तो तिने दोन्ही बाजूंच्या खोबणींत बसवला, त्याला दोन्ही हातांनी मिठी मारली आणि डोळे मिटले.

कुमार पुढच्या दाराने धावत वळसा घालून गेला असता तरी त्याचं काम झालं असतं. पण रागाने आंधळ्या झालेल्या माणसाला समोरचं दार तेवढं दिसतं. त्याने आधी तिला केसांनी ओढलं, मग खांद्याला धरून ओढलं. पंचेचाळीस किलोची बाई, पण ती हलेना. कोपऱ्यात फावड्याचा दांडा उभा होता. त्याने तो घेतला.

पहिला पाठीत बसला. दुसरा कमरेत. "सोड, आत्ती! सोड म्हनतो!" तिसरा पुन्हा पाठीत. मारता मारता तो रडत होता, हे तिला त्याच्या आवाजावरून कळत होतं. "माजं लगीन मोडाय निगालीस! तुज्या बाचं काय जातंय?"

"मार," ती अडसराला तोंड लावून म्हणाली. "तुज्या मामानं चौदा वरसं मारलं, त्यात तुजं आनि एक धर. तुजी आई तुज्या बाच्या घरात नांदावी म्हनून म्या त्यो मार खाल्ला. त्या मारातनं तू जल्मलास. मार की!"

चौथा तिच्या उजव्या हातावर बसला, मनगट आणि कोपर यांच्या मध्ये. हाड मोडल्याचा आवाज ओट्यापर्यंत गेला. बाळासोने दोन्ही हातांनी कान झाकले. केराबाईचा उजवा हात अडसरावरून आपोआप गळून पडला, तशी तिने डाव्या हाताची पकड वर सरकवली आणि अंगाचा सगळा भार दारावर टाकला. पाचव्या-सहाव्या फटक्यानंतर तिने मोजणं सोडून दिलं. मार किती वेळ चालतो याचा तिला अंदाज होता. मारणारा थकतो, सहन करणारी थकून भागत नाही.

वीस-पंचवीस मिनिटांनी पोलिसांची गाडी आली, तेव्हा कुमार एका खाटेवर बसला होता. दांडा मांडीवर आडवा आणि तोंड ओंजळीत. फरशीवर फाटलेले कागद पसरले होते. भिंतीच्या कडीला वेणी लटकत होती. केराबाई अजून अडसराला चिकटून होती आणि एक बाई शिपाई तिची बोटं एकेक करून सोडवत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरकारी दवाखान्यातल्या बायकांच्या वॉर्डात तीच बाई शिपाई जबाब घ्यायला आली. स्टूल ओढून बसली, मांडीवर कागद घेतले. केराबाईचा उजवा हात बोटांपासून दंडापर्यंत प्लास्टरमध्ये होता. दोन बरगड्या मोडल्या होत्या, त्यामुळे बोलताना मध्येमध्ये थांबावं लागत होतं. डोक्यावरचा पंखा गरम वारा खाली ढकलत होता.

गौरम्माबाई पहाटेपर्यंत तिच्या उशाशी बसून परीक्षेसाठी शाळेत गेल्या होत्या. जाताना त्या खाली वाकून म्हणाल्या होत्या, "केरक्का, कुलूप तोडून आत आले असंच सांग. तू उघडलं हे संस्थेला कळलं तर तुला ठेवणार नाहीत. मी पण काही करू शकणार नाही." त्या एवढ्या कडक बाई, पण हे सांगताना त्यांना केराबाईच्या डोळ्यांकडे बघवलं नव्हतं.

"मग मावशी," बाई शिपाई म्हणाली, "फाटकाचं कुलूप तोडून आत घुसले, असं लिहू ना?"

केराबाई उत्तर देणार तेवढ्यात वॉर्डाच्या दारात बाळासो दिसला. हातात कापडात बांधलेला जेवणाचा डबा होता. पोलिसांनी त्याला रात्रीच सोडलं होतं. त्याने कुणाला हात लावला नव्हता, असं सगळेच म्हणत होते. तो खाटेच्या पायथ्याशी येऊन उभा राहिला.

"तुज्या भावजयनं धाडलंय. शेंगाची चटनी हाय. भाकरी मऊ केल्यात," तो म्हणाला. मग बाई शिपायाकडे चोरून बघत आवाज खाली आणला. "अक्का, नाव घिऊ नगं पोराचं. जेलात गेला तर समदंच बुडालं. भाऊबीजेला म्हायेराचं दार उगडं ठिवायचं का न्हाय, आता तुज्या हातात हाय."

तिने डब्यावरून नजर काढून पंख्याकडे नेली.

"म्या भंडारा मोडला न्हाय, अक्का," तो म्हणाला. हे तिने कबूल करावं यासाठी तो कळवळला होता. "माजं पाऊल उंबऱ्याच्या आत पडलं न्हाय. तू बघत हुतीस की."

"व्हय," केराबाई म्हणाली. "न्हाय पडलं."

बाळासोचा चेहरा सैल झाला. तेवढ्यात उशाशी ठेवलेला फोन वाजला. बाई शिपायाने तो उचलून तिच्या कानाशी धरला. पलीकडे गौरम्माबाई होत्या. बोलत होत्या कानडी आणि मराठी मिसळून, घाईघाईने. पोरगी बसली परीक्षेला. कपाळाला चार टाके आहेत, तरी बसली. डोक्याला ओढणी बांध म्हटलं तर नाही म्हणाली, तशीच गेली, तसल्याच कापलेल्या केसांनी. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी काही न विचारता तिच्यासमोर बोरीची कुंडी ठेवली.

केराबाईने डोळे मिटून घेतले. पापण्यांखालून पाणी निघालं ते कानापर्यंत गेलं, आणि पुसायला उरलेला डावा हात सलाइनच्या नळीने अडकला होता.

"लिवा, बाई," ती म्हणाली. "कुलूप तोडलं न्हाय. फाटक म्याच उगाडलं. भावानं भंडारा उचलला म्हनून उगाडलं. माजी चूक."

बाई शिपायाने पेन थांबवून तिच्याकडे पाहिलं, मग लिहिलं.

"मारलं ते कुमार बाळासो मदने. भाचा माजा. पोरीला कडीला बांदली ते बी लिवा. दांड्यानं मारलं ते बी लिवा." तिने दम घेतला. "आन दुसरं नाव घ्या. बाळासो मदने. सख्खा भाऊ."

"अक्का!" बाळासो म्हणाला.

"त्यांनी काय केलं?" बाई शिपायाने विचारलं.

"काय सुदीक केलं न्हाय. उंबऱ्याभाईर उबा ऱ्हाऊन बगत हुता. मी दोनदा हाका मारल्या. तसंच लिवा, जसं सांगतीय तसं."

ते लिहून व्हायला बराच वेळ लागला. बाई शिपायाने सगळं एकदा वाचून दाखवलं आणि पिशवीतून शाईचं पॅड काढलं. "उजवा हात चालत नाही ना, मावशी. डाव्या हाताचा अंगठा द्या, चालतो."

"अंगटा न्हाय," केराबाई म्हणाली. "मला सई येती."

सलाइनची नळी सांभाळत तिने डाव्या हातात पेन घेतलं. त्या हाताने तिने जन्मात कधी अक्षर काढलं नव्हतं. 'के'ची मात्रा कागदाबाहेर गेली. 'रा' उलटा पडायला आला, तो तिने थांबून सरळ केला. शेजारच्या खाटेवरच्या बाईचा नातू बघायला जवळ आला, तर त्या बाईने त्याला मागे ओढलं. बाई शिपाई पॅड बंद करून, कागद दोन्ही हातांनी ताणून धरून थांबली. बाळासो डबा घेऊन तसाच उभा होता आणि त्याला कुणी बस म्हणालं नाही.